बिंबाभ्रिका : नाव चुकले, पाहणे चुकले नाही

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या ऑक्टोबर महिन्यात अमावास्येच्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर भूगोल विभागातर्फे आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला. दुर्बीण एकच, सहा इंची, आणि पाहणारे साठ-सत्तर. त्यामुळे रांग बरीच लांब होती. माझा क्रमांक आला तेव्हा सरांनी दुर्बीण अभिजित ताऱ्याच्या जवळपास कोठेतरी वळवली होती. मी डोळा लावला. काळ्या आकाशात धुराचे एक लहानसे करडे वेटोळे दिसले. फळ्यावरची खडूची खूण बोटाने पुसल्यावर मागे राहते तसे. याच वस्तूचे निळ्या-तांबड्या रंगांतले भव्य छायाचित्र मी पूर्वी पाहिले होते. त्यामुळे नकळत माझ्या तोंडून निघून गेले, "एवढंच?"

सर हसले. म्हणाले, "किती दिसलं ते मोजू नकोस. काय दिसलं ते शोधून काढ, आणि जमलं तर अंकासाठी लिही."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबर संपला. तरीही सरांचे वाक्य मनातून जाईना. म्हणून ग्रंथालयात बसून जे वाचले, जे सरांना विचारून समजून घेतले, ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहे.

अभ्रिका म्हणजे काय?

आकाशात ताऱ्यांखेरीज काही ठिकाणी ढगासारखे अंधूक ठिपके दिसतात. त्यांना अभ्रिका किंवा तेजोमेघ म्हणतात. हे ढग वायूचे व धुळीचे असतात. मृग नक्षत्रातील प्रसिद्ध अभ्रिकेत नवे तारे जन्माला येत आहेत. परंतु मी पाहिलेले वेटोळे दुसऱ्या जातीचे होते. इंग्रजीत या जातीला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'ग्रहासारखी अभ्रिका' असा होतो. मराठीत त्यांना ग्रहीय तेजोमेघ किंवा बिंबाभ्रिका म्हणतात. मला बिंबाभ्रिका हाच शब्द अधिक आवडतो. कारण ही वस्तू बिंबासारखी दिसते हे खरे असले, तरी तिचा ग्रहाशी काडीचाही संबंध नाही. मग ग्रहाचे नाव तिला चिकटले कसे? त्याची कथा मोठी बोधप्रद आहे.

ग्रहाचे नाव कसे पडले?

शार्ल मेसिए हा फ्रेंच ज्योतिर्विद धूमकेतूंच्या शोधात असे. धूमकेतू दुरून अंधूक ठिपक्यासारखा दिसतो. अभ्रिकाही तशीच दिसते. पण धूमकेतू रोज थोडा सरकतो, अभ्रिका जागची हलत नाही. पुन्हा पुन्हा फसगत होऊ नये म्हणून मेसिएने अशा न हलणाऱ्या ठिपक्यांची यादीच केली. १२ जुलै १७६४ रोजी त्याला जंबुक तारकासमूहात एक लांबट ठिपका दिसला. तो यादीत सत्ताविसावा. माणसाने पाहिलेली ही पहिली बिंबाभ्रिका होय. पुढे १७७९ साली स्वरमंडळ तारकासमूहात त्याला सत्तावन्नावा ठिपका मिळाला. मी पाहिलेले वेटोळे ते हेच. याला कंकण अभ्रिका म्हणतात. त्याच वर्षी दार्किये नावाच्या दुसऱ्या फ्रेंच निरीक्षकाने नोंद केली, की ही वस्तू गुरूएवढी असून विझत चाललेल्या ग्रहासारखी दिसते. ग्रहाची उपमा प्रथम आली ती अशी.

ती रूढ केली विल्यम हर्शेल याने. हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा, व्यवसायाने संगीतकार. इंग्लंडमध्ये बाथ या गावी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे आणि रात्री स्वतःच्या हाताने घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाहत असे. १३ मार्च १७८१ रोजी त्याने युरेनस ग्रह शोधला. आपल्या पंचांगात त्या ग्रहाला हर्षल म्हणतात ते त्याच्याच नावावरून. युरेनस दुर्बिणीतून लहान, फिकट, निळसर-हिरव्या बिंबासारखा दिसतो. दीडच वर्षाने, ७ सप्टेंबर १७८२ रोजी, कुंभ राशीत हर्शेलला तसेच एक लहान हिरवट बिंब दिसले. ज्याने नुकताच हिरवट बिंबाचा ग्रह शोधला होता त्याला ग्रहाची आठवण व्हावी यात नवल ते काय? आपण ज्यात बुडालेले असतो त्याचेच रूप सगळीकडे दिसते. पुढे अशा वस्तूंना त्याने 'ग्रहासारख्या' या सदरात घातले. हे ग्रह नाहीत हे त्यालाही उमगले होते. पण सदराचे नाव मात्र कायम राहिले.

१३ नोव्हेंबर १७९० रोजी हर्शेलला वृषभ राशीत एक तारा दिसला. त्याच्याभोवती तेजस्वी वायूचे वर्तुळ होते आणि तारा बरोबर मध्यभागी होता. तोवर त्याचे मत असे होते, की अभ्रिका म्हणजे फार दूरचे तारकापुंज. दुर्बीण मोठी असेल तर त्यांतला तारा न् तारा सुटा दिसेल. त्या रात्री त्याने आपले मत बदलले. ताऱ्याभोवती खरोखरच चमकणारे द्रव्य आहे असे त्याने मान्य केले. मात्र त्या द्रव्यापासून तारा घडत असावा, असा तर्कही त्याने केला. म्हणजे त्याच्या दृष्टीने तो ताऱ्याचा जन्म होता. निरीक्षण अचूक होते. अर्थ मात्र नेमका उलटा लागला होता.

प्रकाश बोलू लागला

यापुढचे पाऊल पडायला पाऊण शतक जावे लागले. दरम्यान जर्मनीत किर्खोफ व बुन्सेन यांनी दाखवून दिले होते, की पदार्थाचा प्रकाश लोलकातून नेला असता त्याच्या वर्णपटावरून पदार्थ ओळखता येतो. ताऱ्याचा वर्णपट इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा असतो व त्यावर काळ्या रेषा असतात. तापलेल्या विरळ वायूच्या वर्णपटात मात्र पट्टा नसतो. सुट्या तेजस्वी रेषा असतात.

लंडनच्या विल्यम हगिन्सने ही कसोटी आकाशाला लावली. हगिन्स विद्यापीठात शिकलेला नव्हता. घराण्याचा कापडाचा धंदा विकून त्याने घराशेजारी वेधशाळा बांधली होती. २९ ऑगस्ट १८६४ रोजी त्याने कालेय तारकासमूहातील एका बिंबाभ्रिकेकडे दुर्बीण वळवली. आज ही अभ्रिका 'मांजराचा डोळा' या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा प्रकाश त्याने लोलकातून पाहिला. सलग पट्टा नव्हताच. एक ठळक हिरवट रेषा होती आणि तिच्या शेजारी दोन फिक्या रेषा. शंभर वर्षांचा वाद त्या रात्री मिटला. बिंबाभ्रिका हा ताऱ्यांचा पुंज नसून निखळ वायू आहे हे सिद्ध झाले.

पण एक कोडे सुटले तेथेच दुसरे उभे राहिले. त्यांतील एक रेषा हायड्रोजनची होती. सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा हे अभ्रिकांमधलेच नवे मूलद्रव्य असावे असे ठरले व त्याला 'नेब्युलियम' असे नावही मिळाले. आज आपल्याला याचे हसू येईल, परंतु तसा तर्क करण्यास सबळ कारण होते. १८६८ साली भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या निमित्ताने झालेल्या अभ्यासातून सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली. तिला 'हेलियम' असे नाव दिले गेले आणि १८९५ साली रॅम्झी या शास्त्रज्ञाला हेलियम खरोखरच पृथ्वीवर सापडला. मग नेब्युलियमही का सापडू नये?

तो सापडला नाही. विसाव्या शतकात मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याला बसायला जागाच उरली नाही. अखेर १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेन यांनी गणिताने दाखवून दिले, की ती हिरवी रेषा कोणा नव्या मूलद्रव्याची नसून ऑक्सिजनची आहे. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. मग तो पृथ्वीवर असा हिरवा का चमकत नाही? सरांनी हे मला आठवडी बाजाराचे उदाहरण देऊन सांगितले. तो विशिष्ट प्रकाश सोडण्यासाठी अणूला काही काळ निवांतपणा लागतो. आपल्याकडच्या हवेत अणूंची इतकी दाटी असते, की त्यापूर्वीच दुसऱ्याचा धक्का बसतो. बिंबाभ्रिकेत मात्र एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम काही हजार कण असतात. प्रयोगशाळेतील चांगली निर्वात नळीही त्यापुढे गजबजलेली वाटावी. तेथे अणूला कोणी धक्का देत नाही, म्हणून तो आपला प्रकाश देऊन मोकळा होतो. रात्रभर पाहिले तरी ढगासारखी दिसणारी वस्तू प्रत्यक्षात इतकी रिकामी असते!

आईचा प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा चुलीपुढे बसून आईला हे सारे सांगत होते. बिंबाभ्रिका म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेली कात, असे मी मोठ्या ऐटीत सांगितले. आई शाळेची पायरी चढलेली नाही. तिने तवा उतरवला आणि विचारले, "पण तो मरतोय हे बघितलं कुणी? माणूस जगतो किती आणि तारा जगतो किती?"

मला उत्तर देता आले नाही. पुस्तकात लिहिले आहे, एवढेच मला ठाऊक होते. खरे सांगायचे तर हा प्रश्न वर्गात मला किंवा माझ्या मैत्रिणींना पडला नसता. सुट्टी संपल्यावर मी पुन्हा ग्रंथालयात गेले ते या प्रश्नासाठी.

उत्तराचा पहिला अर्धा भाग हर्शेलनेच देऊन ठेवला आहे. त्याने आकाशाला बागेची उपमा दिली होती. बागेत एकाच वेळी कोंब, रोपे, फुललेली व सुकलेली झाडे दिसतात. एका झाडाचे सारे आयुष्य पाहत बसावे लागत नाही. एका फेरीत सगळ्या अवस्था दिसून जातात. आमच्या रानात नाही का, एका वाफ्यात कांद्याचे रोप असते, दुसऱ्यात पोसलेला कांदा आणि तिसऱ्यात बियाण्यासाठी राखलेला फुलोरा? परका माणूसही तासाभरात कांद्याचा जन्म समजू शकेल. आपल्या आकाशगंगेत तीन हजारांहून अधिक बिंबाभ्रिका आजवर सापडल्या आहेत. काही लहान व घट्ट, काही पसरून फिकट झालेल्या. ही त्यांची वये आहेत.

पण या अवस्थांचा क्रम कोणता? येथेच हर्शेल चुकला होता. वायू आत गोळा होऊन तारा होतो, की ताऱ्यातून वायू बाहेर पडतो? उत्तराचा दुसरा अर्धा भाग मोजमापाने मिळाला. वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून वायूचा वेग व दिशा काढता येते. तो सेकंदाला साधारण २० ते ३० किलोमीटर वेगाने बाहेर पसरत असल्याचे आढळले. काही अभ्रिकांची वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवली, तर त्या किंचित वाढलेल्याही दिसतात. हबल दुर्बिणीने टिपलेल्या अशा छायाचित्रांवरून 'मांजराच्या डोळ्या'च्या आतल्या भागाचे वय सुमारे हजार वर्षे येते. याचा अर्थ, पाखरू घरट्यात येत नसून घरट्यातून उडत आहे. हा जन्म नव्हे, हा निरोप आहे.

ताऱ्याचा शेवट

आता ताऱ्याची कथा थोडक्यात सांगते. सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम तयार होत असतो व त्यातून ऊर्जा मिळते. गाभ्यातील हायड्रोजन सरला की गाभा आकसतो आणि बाहेरचे थर फुगत जातात. तारा तांबडा राक्षसी तारा होतो. पुढे गाभ्यात हेलियमपासून कार्बन व ऑक्सिजन बनतात. शेवटी बाहेरचे सैल झालेले थर अवकाशात निघून जातात आणि आतला तप्त गाभा उघडा पडतो. त्याचे तापमान ३० हजार अंशांपासून लाखाच्याही वर जाते. त्यातून निघणारे जंबुपार म्हणजेच अतिनील किरण भोवतालच्या वायूला उजळवतात. तीच बिंबाभ्रिका. हा दिवा साधारण दहा-वीस हजार वर्षेच जळतो. ताऱ्याच्या शेकडो कोटी वर्षांच्या आयुष्यात हा निमिषभराचा काळ. म्हणूनच आकाशगंगेत तारे अब्जावधी असून बिंबाभ्रिका मात्र थोड्या. तांबडा राक्षसी तारा आणि त्याचा उरलेला गाभा यांना जोडणारा दुवा म्हणजे बिंबाभ्रिका, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी १९५६ साली मांडले.

उरलेल्या गाभ्याला श्वेत बटू म्हणतात. आकार पृथ्वीएवढा, द्रव्य जवळजवळ सूर्याएवढे. त्यातील आगपेटीभर द्रव्याचे वजन कित्येक टन भरेल. या श्वेत बटूच्या अभ्यासात आपल्या देशाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १९३० सालच्या जुलैअखेरीस सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे मुंबईहून बोटीने युरोपला निघाले. त्या प्रवासात त्यांनी गणित मांडले, की श्वेत बटूचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असूच शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बोटीवर चढले तेव्हा त्यांचे वय १९ होते. हे वाचले आणि मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. माझेही वय तेवढेच आहे.

बाहेर फेकला गेलेला वायूही वाया जात नाही. त्यात ताऱ्याने आयुष्यभर शिजवलेला कार्बन व नायट्रोजन असतो. तो अवकाशात मिसळतो व त्यातून नवे तारे, नवे ग्रह घडतात. आपल्या शरीरातील, चुलीतल्या कोळशातील कार्बनचा बराच वाटा अशाच कोण्या जुन्या ताऱ्यांकडून आलेला आहे. बियाण्यासाठी राखलेला कांदा स्वतः पोकळ होतो, पण बी देऊन जातो, तसेच हे.

आपला सूर्यही याच वाटेने जाणार आहे. त्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षे तो तळपेल. तेव्हा कोणी चिंता करू नये!

आपण काय पाहू शकतो?

साध्या डोळ्यांना बिंबाभ्रिका दिसत नाही हे आधीच सांगितलेले बरे. परंतु साधी द्विनेत्री दुर्बीण असली तरी मेसिएची पहिली बिंबाभ्रिका गावाकडच्या अंधाऱ्या आकाशात दिसू शकते. ऑक्टोबरात रात्री आठच्या सुमारास श्रवण तारा शोधावा. त्याच्या उत्तरेला शर नावाचा बाणासारखा छोटा तारकासमूह आहे. बाणाच्या टोकाच्या ताऱ्यापासून ध्रुवाच्या दिशेने हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढे अंतर गेले, की तो अंधूक लांबट ठिपका सापडतो. त्याचे अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षे आहे. इंग्रजीत त्याला व्यायामाच्या डम्बेलचे नाव आहे. छायाचित्रात मला मात्र तो आपल्या डमरूसारखा वाटला.

कंकण अभ्रिकेला दुर्बीण हवी. अभिजितच्या शेजारी ताऱ्यांचा एक छोटा तिरपा चौकोन आहे. अभिजितपासून लांब असलेल्या बाजूच्या दोन ताऱ्यांच्या मध्ये ती आहे. पाहताना नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवावी. डोळ्याच्या कडेचा भाग अंधूक प्रकाश अधिक टिपतो. मात्र त्या भागाला रंग कळत नाहीत. मला वेटोळे करडे का दिसले त्याचे कारण हेच. दोष अभ्रिकेचा नव्हता, दुर्बिणीचाही नव्हता. छायाचित्रातले रंग कॅमेऱ्याने तासन् तास प्रकाश साठवून मिळवलेले असतात.

१२ जुलै २०२२ रोजी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची पहिली छायाचित्रे जगापुढे आली. त्यांत दक्षिण आकाशातील एका बिंबाभ्रिकेचे छायाचित्र होते. तिच्या मध्यभागी दोन तारे आहेत. डोळ्यांत भरणारा तेजस्वी तारा तिचा कर्ता नव्हेच. त्याच्या शेजारचा, धुळीत गुरफटलेला फिका तारा हा तिचा खरा जनक. योगायोग असा, की मेसिएने पहिली बिंबाभ्रिका पाहिली ती तारीखही १२ जुलैच. मध्ये २५८ वर्षे गेली. या काळात धूमकेतूचा भास झाला, ग्रहाचा भास झाला, ताऱ्याच्या जन्माचा भास झाला, नसलेले मूलद्रव्यही मानले गेले. प्रत्येक चूक सुधारली ती पुन्हा एकदा, अधिक नीट पाहिल्यामुळे. चुकणाऱ्यांची नोंद प्रामाणिक होती, म्हणूनच पुढच्यांना ती सुधारता आली.

नाताळच्या सुट्टीत आईला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. कांद्याच्या वाफ्यांचे उदाहरण तिला लगेच पटले. मग तिने विचारले, "ग्रह नाही म्हणतेस, तर अजून ग्रहाचं नाव का ठेवलंय?" मी उत्तर शोधत होते, तोच तीच म्हणाली, "असू दे. आपल्या गावातली सगळ्यात जुनी विहीर ती, तिलाच आपण नवी विहीर म्हणतो."

सरांनी पुढच्या ऑक्टोबरात विभागाची द्विनेत्री दुर्बीण दोन दिवसांसाठी द्यायचे कबूल केले आहे. आमच्या घरामागच्या रानात दिवे नाहीत, आकाश चांगले काळे असते. आईला तो डमरू दाखवायचा आहे. ती "एवढंच?" म्हणाली, तर काय सांगायचे ते आता मला ठाऊक आहे.